आवळा, कोहळा आणि कन्सोल

दिवाळीचा सेल लागला की कन्सोलवर चार-पाच हजारांची सूट झळकायला लागते आणि घरोघरी तेच नाटक रंगतं. आधी बाबांना पटवायचं, मग आईला, आणि दोघंही बधले नाहीत तर मोबाइलवर ईएमआयचं पान उघडून बोटांवर महिने मोजत बसायचं. सगळी घासाघीस एकाच आकड्याभोवती फिरते : यंत्र केवढ्याला पडतंय? प्रश्न रास्त आहे, पण फसवा आहे. कारण या धंद्यात खोक्यावरची किंमत ही खरी किंमत नसतेच. कित्येकदा ते यंत्र बनवायला जेवढा खर्च आलेला असतो, त्याहून कमी पैशांत ते आपल्या हातात ठेवलं जातं. वरची भर कंपनी आपल्या खिशातून घालते. एवढं उदार कोण असतं? आजीला विचारा. ती म्हणेल, आवळा देऊन कोहळा काढणारा.

घरी प्रिंटर असेल तर हा हिशेब तुम्हाला आधीच कळलेला असेल. प्रिंटर स्वस्तात येतो आणि पहिलं कार्ट्रिज संपलं की डोळे पांढरे होतात. कन्सोलचंही तसंच. त्यावर चालणारा गेम कुणीही बनवलेला असो, कन्सोल कंपनीला तिचा वाटा दिल्याशिवाय तो विकता येत नाही. ऑनलाइन स्टोअरवर हा वाटा साधारण ३० टक्के असतो. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं तर बहुतेक गेमसाठी सबस्क्रिप्शन वेगळं. म्हणजे समजा, एका यंत्रामागे कंपनीचे शंभर डॉलर गेले, तरी ते घेणारा पुढच्या पाच-सहा वर्षांत दहा-बारा गेम घेईल, सबस्क्रिप्शन भरेल, दुसरा कंट्रोलर घेईल आणि शंभराचे दोनशे-तीनशे करून देईल, असा हा डाव. यात तोटा आज रोख होतो आणि नफा मात्र उद्याच्या वायद्यावर असतो. उद्या तुम्ही-आम्ही ठरल्याप्रमाणे वागलो नाही, तर?

आधी एक कबूल करू. तोट्यात विकणं म्हणजे लबाडीच असं नाही. न विकणाऱ्याचं काय होतं तेही इतिहासात आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही गेम कंपनी काढणारे ट्रिप हॉकिन्स यांनी पुढे ‘थ्रीडीओ’ नावाच्या कन्सोलची कल्पना काढली. त्यांची कंपनी फक्त आराखडा देणार, यंत्र बनवणार पॅनासोनिकसारखे दुसरेच, आणि प्रत्येक गेममागे हॉकिन्स यांना ३ डॉलर. गेम बनवणाऱ्यांना ही अट फारच आवडली. पण गेमच्या कमाईत पॅनासोनिकला काहीच मिळणार नव्हतं, मग त्यांनी यंत्र तोट्यात का विकावं? १९९३ मध्ये हा कन्सोल अमेरिकेत ६९९ डॉलरला आला. तेव्हा बाजारातले बहुतेक कन्सोल त्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळत होते. ‘थ्रीडीओ’ चाललाच नाही. तेव्हा सामान्य घरातल्या पोरांच्या हाती ताकदवान यंत्र आलं ते बऱ्याच अंशी या तोट्याच्या धंद्यामुळेच आलं, हे मान्य करायला हवं. प्रश्न तो तोटा कोण, किती आणि कुणाच्या जिवावर सोसतो याचा आहे.

यासाठी सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची गोष्ट जरा निवांत पाहण्यासारखी आहे.

प्लेस्टेशन १ आणि २ या दोन्हींनी बाजार खिशात घातला होता. त्या गुर्मीत म्हणा किंवा आत्मविश्वासात, सोनीने तिसऱ्या यंत्रात सगळंच भरलं. आयबीएम आणि तोशिबाबरोबर विकसित केलेला ‘सेल’ नावाचा प्रोसेसर, आणि तेव्हा नवाकोरा, महागडा ब्लू-रे ड्राइव्ह. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत ते आलं ४९९ आणि ५९९ डॉलरला. किमतीवरून ओरड झाली तेव्हा सोनीच्या गेम विभागाचे प्रमुख केन कुतारागी यांचा सूर होता की उलट हे यंत्र स्वस्तच आहे. एका अर्थी ते खरं बोलत होते. आयसप्लाय या संस्थेने यंत्र उघडून त्यातल्या एकेका भागाचा हिशेब मांडला, तेव्हा ४९९ च्या यंत्राचा खर्च सुमारे ८०५ डॉलर आणि ५९९ च्या यंत्राचा सुमारे ८४० डॉलर निघाला. म्हणजे दर विक्रीला तीनशे किंवा अडीचशे डॉलर गेले. आणि गंमत पाहा, एवढा तोटा सोसूनही गिऱ्हाइकाला ते महागच वाटत होतं. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० एक वर्ष आधी आला होता, २९९ आणि ३९९ डॉलरला. निन्टेन्डोचा वी तर २४९ ला होता. आपल्याकडे २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ आलं तेव्हा त्याला जवळपास ४० हजार रुपये मोजावे लागत होते. त्या काळातले ४० हजार!

नेहमीच्या धंद्यात माल खपला की दुकानदार खूश होतो. इथे उलटं होतं. जितकी विक्री जास्त, तितका आजचा खड्डा मोठा. गेम पुरेसे आणि चांगले असते तर खड्डा भरला असता, पण ‘सेल’ प्रोसेसरवर काम करणं गेम बनवणाऱ्यांना इतकं जड जात होतं की सुरुवातीला तेच गेम एक्सबॉक्सवर अधिक बरे दिसायचे. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाचा तोटा २३ हजार कोटी येनच्या पलीकडे गेला. पुढच्या वर्षी आणखी साडेबारा हजार कोटी येनच्या आसपास. त्याच २००७ मध्ये कुतारागी पायउतार झाले. प्लेस्टेशनचा जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, ते हे गृहस्थ.

सोनीची बाजू घ्यायची तर एक गोष्ट त्यांच्या पारड्यात टाकावी लागेल. त्या तोट्यातून लाखो घरांत ब्लू-रे प्लेअर शिरला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने आपला एचडी डीव्हीडी हा प्रतिस्पर्धी प्रकार गुंडाळला. एक लढाई जिंकली. पण नेटफ्लिक्सने स्ट्रीमिंग सुरू केलं होतं २००७ मध्येच. डिस्कची लढाई जिंकेपर्यंत डिस्कच मागे पडायला लागली होती.

याच यंत्राच्या बाबतीत घडलेला एक किस्सा मला या सगळ्या धंद्याचं मर्म सांगणारा वाटतो. प्लेस्टेशन ३ वर सुरुवातीला लिनक्स टाकायची सोय होती. अमेरिकी हवाई दलाच्या न्यूयॉर्क राज्यातल्या संशोधन प्रयोगशाळेच्या लक्षात आलं की एवढी गणनशक्ती एवढ्या कमी पैशात दुसरीकडे कुठेच मिळत नाही. त्यांनी सतराशेहून अधिक प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडून २०१० मध्ये ‘कॉन्डॉर’ नावाचा सुपरकॉम्प्युटर उभा केला. आता कंपनीच्या बाजूने विचार करा. हा गिऱ्हाईक यंत्रं घाऊक भावात उचलतो आणि गेम एकही घेत नाही. ‘फिफा’ नाही, ‘गॉड ऑफ वॉर’ नाही, सबस्क्रिप्शन तर सोडाच. आवळा गेला, कोहळ्याचा पत्ता नाही. एप्रिल २०१० मध्ये सोनीने एका अपडेटने लिनक्सची ती सोयच काढून टाकली. सुरक्षिततेचं कारण दिलं गेलं. ज्यांनी ती सोय बघून यंत्र घेतलं होतं ते कोर्टात गेले आणि काही वर्षांनी कंपनीला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. पण आपल्यासाठी यातली लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. दुकानातून पैसे मोजून आणलेल्या वस्तूतली एक सोय कंपनी घरबसल्या काढून घेऊ शकते. सायकल घेतली आणि चार वर्षांनी दुकानदार येऊन कॅरिअर काढून घेऊन गेला, असं कधी होतं का?

मायक्रोसॉफ्टची कथा दुसऱ्या टोकाची. तिथे पैशाला तोटा नव्हता. नोव्हेंबर २००१ मध्ये पहिला एक्सबॉक्स २९९ डॉलरला आला आणि सहा महिन्यांत १९९ वर उतरवावा लागला. आत इंटेलचा प्रोसेसर, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप आणि हार्ड डिस्क. सगळं दुसऱ्याकडून विकत घेतलेलं. सोनी आपल्या चिप स्वतःच्या कारखान्यात दरवर्षी लहान आणि स्वस्त करत होती. मायक्रोसॉफ्टला मात्र चिपच्या भावावरून एनव्हिडियाबरोबर लवादापर्यंत जावं लागलं. या पहिल्या एक्सबॉक्सने मायक्रोसॉफ्टचे ४ अब्ज डॉलर खाल्ले असा अंदाज आहे, आणि खपले सुमारे २.४ कोटी. भागाकार करून बघा, यंत्रामागे दीडशे डॉलरच्या वर पडतात. पुढच्या एक्सबॉक्स ३६० ने बाजारात आधी पोचायची बाजी मारली खरी, पण लाल दिवे लागून यंत्रं बंद पडायला लागली आणि २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवताना मायक्रोसॉफ्टने एक अब्जाहून अधिक डॉलर त्या दुरुस्तीसाठी बाजूला काढले.

दुसरी एखादी कंपनी इथेच मेली असती. मायक्रोसॉफ्टला काही झालं नाही, कारण मागे विंडोज आणि ऑफिसची गाय दूध देत होती. मे २०२१ मध्ये एपिक आणि अॅपल यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या एका उपाध्यक्षांना शपथेवर विचारलं गेलं की कन्सोलच्या विक्रीवर कधी नफा झाला का. उत्तर होतं, नाही. वीस वर्षांत एकदाही नाही. तोट्याने विकण्याच्या या खेळात कोण टिकतं हे त्या एका उत्तरात येतं. यंत्र कुणाचं चांगलं यापेक्षा कुणाच्या घरी दुसरी दुभती गाय बांधलेली आहे, हे इथे ठरतं.

ज्यांच्या गोठ्यात अशी गाय नव्हती, ती कंपनी म्हणजे सेगा. आज ‘सॉनिक’च्या सिनेमांमुळे हे नाव तुम्हाला माहीत असेल. पण एकेकाळी कन्सोलमध्ये निन्टेन्डोच्या तोंडाला फेस आणणारी कंपनी होती ती. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात सेगाने आपला सॅटर्न ३९९ डॉलरला जाहीर केला. त्याच दिवशी सोनीचे एक अधिकारी मंचावर गेले, २९९ एवढा आकडा उच्चारला आणि खाली उतरले. नवख्या सोनीने शंभर डॉलरचा सुरुंग लावला होता. सॅटर्न त्यातून कधी सावरला नाही.

मग आला ड्रीमकास्ट. काळाच्या पुढचा कन्सोल. इंटरनेटसाठी मोडेम आतच बसवलेला, तेही त्या काळात. ९ सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेत १९९ डॉलरला तो आला आणि पहिल्या २४ तासांत ९ कोटी डॉलरहून अधिक विक्री झाली. वर्तमानपत्रांत मथळे, दुकानांपुढे रांगा. पण प्रत्येक यंत्र तोट्यात जात होतं. तो भरून निघायला गेम खपायला हवे होते, आणि तेवढ्यात मार्च २००० मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन २ आला, डीव्हीडी प्लेअरसह. लोक म्हणाले, थांबू थोडं. सेगाने किंमत १४९ वर आणली. इंटरनेटचं सबस्क्रिप्शन घेणाऱ्याला यंत्राची किंमत परत देण्याचीही योजना काढली. शिवाय ड्रीमकास्टच्या एका पळवाटेमुळे गेम साध्या सीडीवर कॉपी करून चालायला लागले. तोट्याच्या धंद्यात ही सर्वांत वाईट बातमी असते, कारण यंत्रावरचा तोटा तर होऊन गेलेला असतो आणि तो ज्यातून वसूल करायचा तो गेम फुकट फिरत असतो. ३१ जानेवारी २००१ ला सेगाने जाहीर केलं की आता कन्सोल बनवणं बंद. खपलेली यंत्रं होती ९० लाखांच्या आसपास. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा तेव्हा आजारी होते. त्यांनी कंपनीला दिलेलं कर्ज माफ केलं आणि सुमारे ७० कोटी डॉलरचे आपले शेअर कंपनीला देऊन टाकले. मार्च २००१ मध्ये ते वारले. सेगा वाचली, पण पुढची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या कन्सोलसाठी गेम बनवत. त्यात सोनीचाही कन्सोल आलाच.

कॉपीचा विषय निघालाच आहे तर आपल्या घराकडेही बघू. प्लेस्टेशन २ च्या काळात मुंबई-पुण्यात कन्सोल घेतला की पहिला प्रश्न असायचा, चिप बसवून मिळेल का? चिप बसवली की चोरीच्या डिस्क चालायच्या, आणि मूळ गेमच्या किमतीत अख्खा गठ्ठा यायचा. तुमच्यापैकी ज्यांना मोठा भाऊ किंवा मामा आहे त्यांनी विचारून पाहावं. आम्ही त्या पिढीतले, त्यामुळे साळसूदपणाचा आव आणत नाही. पुढे गेमिंग कॅफे आले. एक कन्सोल, दोन-चार डिस्क, आणि तासाचे पैसे भरून रोज खेळणारी वीस पोरं. आपल्या दृष्टीने हा काटकसरीचा उत्तम नमुना. तोट्याचा हिशेब मांडणाऱ्या कंपनीला मात्र यातली एकोणीस पोरं दिसतच नाहीत. ज्या बाजारात माणसं वाटून खेळतात, जुनं विकून नवं घेतात आणि चार गेम चार वर्षं पुरवतात, तिथे आवळ्याचा कोहळा होत नाही. कन्सोलच्या जाहिरातबाजीत आपण कायम मागच्या बाकावर का असतो, याचं एक कारण इथेही असावं.

आता आजचं बोलू. या सगळ्या डावाला एक आधार होता, तो म्हणजे यंत्र बनवायचा खर्च वर्षागणिक उतरत जातो. आज तीनशेचा तोटा, दोन वर्षांनी शंभरचा, चौथ्या वर्षी शून्य. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळत होता. थांबणाऱ्याला फळ मिळायचं. हा आधारच आता डळमळलाय. चिपची किंमत पूर्वीसारखी झपझप उतरत नाही, वर महागाई, डॉलरचा भाव आणि आयातशुल्काचं त्रांगडं. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आला, तोच नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये तो ४९९ वरून ५४९ वर गेला. एक्सबॉक्स सिरीज एक्स २०२० मध्ये ४९९ ला आला होता. २०२५ च्या मे महिन्यात ५९९ आणि ऑक्टोबरमध्ये ६४९. पाच वर्षं जुनी वस्तू नव्याहून महाग! मोबाइलच्या दुकानात असं कुणी सांगितलं तर आपण हसून बाहेर पडू.

म्हणजे आवळा देणाऱ्यालाच आता आवळा परवडेनासा झालाय. मग वसुली कुठून? एक वाट सबस्क्रिप्शनची. दुसरी वाट प्रत्येक गेम तुफान चाललाच पाहिजे, या आग्रहाची, आणि ती वाट गेम बनवणाऱ्यांच्या अंगावरून जाते. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातल्या १,९०० लोकांना काढलं. पुढच्याच महिन्यात सोनीने प्लेस्टेशनमधल्या सुमारे ९०० जणांना. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने जपानमधला टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं. वर्षभरापूर्वीच त्यांच्या ‘हाय-फाय रश’चं जगभर कौतुक झालं होतं. शेवटी त्या स्टुडिओला हात दिला क्राफ्टनने, म्हणजे आपल्याकडे बीजीएमआय चालवणाऱ्या कोरियन कंपनीने. या कपातीचं सगळं खापर यंत्राच्या तोट्यावर फोडणं चुकीचं होईल. महागड्या खरेद्या आणि कोरोनाकाळातला फुगवटा ही कारणंही तितकीच मोठी आहेत. पण ज्या धंद्यात दुकानाचं दारच तोट्यात बसवलेलं असतं, तिथे आतल्या मालावर सगळा भार येतो, आणि बरा चाललेला गेम ‘बरा’ म्हणून पुरत नाही. पुण्या-मुंबईत गेम आर्ट, अॅनिमेशन, टेस्टिंगच्या नोकऱ्यांत आपली किती तरी मुलं-मुली आहेत, आणि आणखी कित्येक त्या कोर्सला फी भरतायत. त्यांच्यासाठी ही लांबची बातमी नाही.

आणि इतकं करून पदरात काय पडलं? ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं की ‘हेलो’चा नवा अवतार प्लेस्टेशनवरही येणार. पहिल्या एक्सबॉक्सबरोबर आलेला, ज्याच्यासाठी लोकांनी तो घेतला तो ‘हेलो’. चोवीस वर्षं तोटा सोसून ज्या गडाची राखण केली, त्याचा दरवाजा आता आतूनच उघडलाय. खेळणाऱ्यांच्या दृष्टीने हे चांगलंच आहे म्हणा.

या खेळाचा देशी प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलाय. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, महिनोन् महिने डेटा फुकट. खर्चाहून कमी दरात सेवा देऊन स्पर्धकांना संपवायचा हा प्रकार आहे, अशी तक्रार घेऊन एअरटेल स्पर्धा आयोगाकडे गेली. आपल्या स्पर्धा कायद्यात, कलम ४ मध्ये, प्रतिस्पर्ध्याला घालवण्यासाठी खर्चाखाली विकायला मनाई आहे. पण ती आहे बाजारात आधीच वरचढ असलेल्याला. जिओ तेव्हा नवखी होती, वरचढ नव्हती, असं म्हणत आयोगाने जून २०१७ मध्ये तक्रार फेटाळली. कायद्याच्या भाषेत ते बरोबरही असेल. पण पुढे एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेल्या, व्होडाफोन-आयडिया एक झाल्या आणि जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही खासगी कंपन्यांनी जवळपास एकाच वेळी रिचार्जचे दर वाढवले. यात एकट्या स्वस्ताईचा दोष नाही, आधीची कर्जं आणि सरकारी देणीही होती. तरी कायद्यातली ही फट विचार करायला लावणारी आहे. वरचढ होईपर्यंत काहीही चालतं, आणि वरचढ झाल्यावर स्वस्त विकायची गरजच उरत नाही. कन्सोलच्या बाजाराकडे हाच चष्मा लावून बघा. मोठे खेळाडू तीन. मायक्रोसॉफ्टनंतर, म्हणजे २००१ नंतर, या तिघांच्या पंक्तीला बसू शकेल असा चौथा कुणी आलेला नाही.

निन्टेन्डोचं उदाहरण शहाणपणाचं म्हणून नेहमी दिलं जातं, आणि वीच्या बाबतीत ते खरं आहे. त्यांनी जुन्या धाटणीच्या स्वस्त चिप वापरून पहिल्या दिवसापासून नफा कमावला. पण तेही घसरलेच. २०११ मध्ये आलेल्या ३डीएसची किंमत सहा महिन्यांच्या आत २४९ वरून १६९ डॉलरवर आणावी लागली, यंत्र तोट्यात गेलं आणि त्या वर्षी कंपनीला ४,३२० कोटी येनचा निव्वळ तोटा झाला. एक गोष्ट मात्र त्यांनी बरी केली. आधी पूर्ण किंमत मोजलेल्यांना वीस गेम मोफत दिले, आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा करून घेतला. कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्याआधी आपल्या ताटातलं कमी करणारा साहेब हल्ली दुर्मीळच.

आता पुन्हा त्या दिवाळीच्या सेलकडे येऊ. कन्सोल घेऊ नका असं आम्ही म्हणणार नाही. म्हटलं तरी तुम्ही ऐकणार नाही, आणि संपादकीय वाचून कुणी गेम खेळायचं सोडल्याचं ऐकिवात नाही. पण ईएमआय मोजायच्या आधी एक बेरीज करा. अमेरिकेतलाच आकडा घ्या. प्लेस्टेशनचं सगळ्यात साधं वार्षिक सबस्क्रिप्शन सप्टेंबर २०२३ मध्ये ६० वरून ८० डॉलर झालं. पाच वर्षांचे होतात ४०० डॉलर. डिस्क न लागणारा प्लेस्टेशन ५ आला तेव्हा त्याची किंमत होती ३९९. म्हणजे एक अख्खं यंत्र पुन्हा विकत घेतलं, फक्त ते घरी आलं नाही. भारतातले दर टाकून हीच बेरीज तुम्ही तुमच्या वहीत मांडा, त्यात गेमची किंमत मिळवा आणि मग बाबांशी बोला. निदान वाद तरी नीट आकड्यांवर होईल.

आणि दुकानदाराला विचारा, डिस्क बसते का? कारण डिस्क असली तर ती मित्राला देता येते, जुनी म्हणून विकता येते, गल्लीत चौघांत फिरवता येते. २०१३ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं की एक्सबॉक्स वन दिवसातून एकदा इंटरनेटला जोडावाच लागेल आणि वापरलेले गेम देण्या-विकण्यावर बंधनं येतील. एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. तेव्हा सोनीने प्लेस्टेशनवर मित्राला गेम कसा द्यायचा याचा एक छोटासा व्हिडिओ काढून त्यांची मस्त टर उडवली होती. एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क ठेवतो, तो थँक्स म्हणतो, व्हिडिओ संपला. त्याच सोनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो आणला. किंमत ६९९ डॉलर, ‘थ्रीडीओ’ची होती तेवढीच. डिस्क ड्राइव्ह त्यात नाही, हवा असेल तर वेगळे पैसे देऊन घ्यायचा.